फौजी घरातली लेकरं आणि आपली शाळा : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी नांदेड-लातूरच्या सीमेवरच्या एका गावात संस्थेच्या शाळेत १८ वर्षं झाली शिकवते. माझा सख्खा भाऊ फौजेत होता आणि त्याची दोन्ही लेकरं आमच्याच शाळेत शिकली, त्यामुळं हा विषय मी दोन्हीकडून बघितलाय, टेबलाच्या अलीकडून पण आणि पलीकडून पण. केंद्रप्रमुखांच्या मीटिंगला किंवा ट्रेनिंगला गेलं की आजूबाजूच्या शाळांतले सर, मॅडम तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

फौजी घरातलं लेकरू म्हणजे नेमकं कोणाला धरायचं?

आर्मी, नेव्ही, एअर फोर्स हे तर आलेच. पण आपल्या भागातली पोरं सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपीमधे पण भरपूर आहेत. ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजना त्यांना सहसा लागू होत नाहीत, पण वर्गात बसलेल्या लेकराला मंत्रालय कोणतं याच्याशी काय घेणं, पप्पा वर्षातले नऊ-दहा महिने घरी नाहीत एवढंच त्याला कळतं. जालन्याच्या, हिंगोलीच्या एसआरपीएफवाल्यांचं, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलातल्यांचं पण तसंच, बंदोबस्ताला गेले की दिवाळी पण तिकडंच.

मग रिटायर झालेले. कागदावर माजी सैनिक, पण बरेच जण पुढं बँकेत गार्ड म्हणून पुण्याला नाहीतर डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांची राखण करणाऱ्या दलात पुन्हा भरती, म्हणजे लेकरासाठी पप्पा अजून बाहेरच. आणि ज्यांचे वडील ड्युटीवर गेले ते परत आलेच नाहीत ती लेकरं, त्यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

एक गट सगळे विसरतात, तो म्हणजे अग्निवीरांची धाकटी भावंडं. २०२२ पासून ही भरती सुरू झाली, चार वर्षांची सेवा, आणि त्या काळात लग्न करायचं नसतं, त्यामुळं त्यांची लेकरं शाळेत नाहीत, पण बहीण सातवीत किंवा भाऊ नववीत असतो. ज्या भावाच्या मागं सायकलवर बसून शाळेला यायचं तोच एकदम गेला की त्या घरातल्या धाकट्याचं पण तेवढंच बिघडतं.

शाळेला हे कळणार कसं? फॉर्ममधे तर फक्त पालकाचा व्यवसाय असतो.

इथंच खरी गडबड आहे. नाव घालायला आजोबा येतात, व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ लिहितात, सही नाहीतर अंगठा करतात आणि जातात. मी एकदा आमच्या सातवी ते नववीच्या वर्गांचे जुने अर्ज काढून बसले होते, आणि मला माहीत असलेल्या फौजी घरांपैकी बऱ्याच अर्जांवर शेती किंवा नुसतं ‘नोकरी’ लिहिलेलं. खोटं कोणीच लिहिलं नव्हतं, शेती तर असतेच की, पण शाळेला जे कळायला पाहिजे ते कळलंच नाही.

उपाय साधा आहे. अर्जाला एक ओळ जोडा: घरातलं कोणी सैन्यदलात, केंद्रीय पोलीस दलात किंवा एसआरपीएफमधे आहे का, किंवा होतं का? खाली लिहा, सांगायची इच्छा असेल तरच भरा. एवढंच. आणि हे फक्त पहिलीला विचारून भागत नाही, दरवर्षी जूनमधे विचारायचं, कारण वर्षभरात कोणी भरती होतं, कोणी रिटायर होतं, कोणाला फिल्ड पोस्टिंग (जिथं घरच्यांना नेता येत नाही) मिळाली म्हणून आई लेकरं घेऊन गावी परत येते.

आपल्याला हे नवीन नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या लेकरांसाठी मराठवाड्यातल्या शाळा शिक्षण हमी पत्रक भरतातच की, कोण कधी गेलं, काय शिकून गेलं, परत कधी येणार. तीच सवय इथं वापरायची.

बाहेरच्या देशांत यासाठी कायदे, पैसे सगळं आहे. अमेरिकेत २०१५ च्या शिक्षण कायद्यानं सैन्यातल्या पालकांची मुलं वेगळी नोंदवणं राज्यांना बंधनकारक केलं, म्हणजे ती अभ्यासात कुठं मागं पडतायत ते दिसावं. इंग्लंडमधे २०११ पासून सरकार अशा प्रत्येक मुलामागं शाळेला वेगळी रक्कम देतं, आणि तो पैसा त्यांच्या मनाच्या आधारासाठी वापरणं अपेक्षित असतं. आपण आपल्या वर्गशिक्षकाच्या डायरीपासून सुरू करू.

आणि कृपा करून वर्गात “कोणाकोणाचे पप्पा मिलिटरीत आहेत, हात वर करा” असं विचारू नका. हात वर करणारं लेकरू हिरो होतं, आणि ज्याचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले ते खाली मान घालून बसतं, त्यानं हात वर करायचा की नाही हे त्याला कोण सांगणार.

असं विचारणं सुरक्षेच्या दृष्टीनं बरोबर आहे का?

विचारा, पण मोजकं. कोणत्या युनिटमधे, सध्या कुठं, कधी निघणार, हे शाळेला लागतच नाही. घरी आहेत की बाहेर, आणि अडचणीला फोन कोणाला करायचा, एवढं बास. कितीतरी पालकांना मुळात लेकरांनाच ठिकाण सांगायची मुभा नसते, त्यामुळं निबंधात “माझे बाबा कुठं काम करतात” वर लेकरू अडखळलं तर ते लपवत नाहीये, त्याला खरंच माहीत नसतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या वडिलांचा वर्दीतला फोटो, युनिटचं नाव, गावाचं नाव असं एकत्र टाकू नका. कौतुकानं टाकलं जातं, माहितीये, तरी नको.

वर्गात आम्हाला काय दिसेल? लक्षणं काय?

पुस्तकात लिहिलेली लक्षणं सगळ्यांना पाठ असतात, गप्प बसणं, चिडचिड, अभ्यासात घसरण. मी एकच गोष्ट सांगते, मला ती अजून टोचते.

चौथीतली एक पोरगी, एप्रिलची सकाळची शाळा, नऊ वाजताच पत्रे तापलेले, आणि ही डोक्यात हिरवी लोकरीची टोपी घालून बसलेली. कानापर्यंत ओढलेली, घामानं कपाळाचे केस चिकटलेले. मी म्हणलं काढ ती. नाही काढली. दुसऱ्या दिवशी परत टोपी. मी जरा आवाज चढवला, पोरं हसली, तिनं टोपी काढली आणि दप्तरात न ठेवता फ्रॉकच्या आत पोटाशी धरून बसली, दोन्ही हातांनी. मधल्या सुट्टीत तिची मोठी बहीण आली आणि म्हणाली, बाई, पप्पा परवा गेलेत, टोपी घरी राहिली त्यांची, तिला वाटतंय तिला पप्पांचा वास येतो.

मला त्या दिवशी माहीत असतं की तिचे वडील फौजेत आहेत आणि परवाच गेलेत, तर मी ओरडले नसते. मला माहीतच नव्हतं, कारण अर्जावर शेती लिहिलं होतं.

तेव्हापासून मी लक्षणं शोधत बसत नाही, तारखा बघते. वडील कधी आले, कधी गेले. जायच्या आधीचे चार-पाच दिवस आणि गेल्यानंतरचा आठवडा, या काळात डबा तसाच परत जातो, वही अर्धी राहते, बारीकशा कारणावरून मारामारी होते. काही लेकरं उलट करतात, एकदम शहाणी होतात, आईला त्रास नको म्हणून पोट दुखलं तरी सांगत नाहीत, आणि अशी लेकरं आपल्याला गुणी वाटतात म्हणून त्यांच्याकडं बघायचंच राहून जातं.

वडील सुट्टीवर आलेत म्हणून लेकरू आठ दिवस शाळेत नाही. काय करायचं?

जवानाला वर्षाची ६० दिवसांची रजा असते, वर थोडी किरकोळ, आणि ती पण युनिटला जमेल तशी मिळते. दिवाळीला मागितली तर फेब्रुवारीत मिळते. येळवस, पोळा, महालक्ष्म्या यातलं काय वाट्याला येईल ते नशिबावर. मग तीस-पस्तीस तासांचा रेल्वेचा प्रवास करून, सचखंड एक्सप्रेसनं नांदेडला उतरून माणूस घरी येतो आणि लेकरू मात्र दहा ते पाच शाळेत.

माझं मत स्पष्ट आहे, पहिले दोन-तीन दिवस आणि जायचा दिवस मोकळेपणानं द्या, हजेरीवरून बोलू नका. त्याच्या बदल्यात अभ्यास घरी द्या आणि तो वडिलांबरोबर करायला सांगा, पाढे म्हणून घेणं, शेताच्या बांधाची लांबी मोजणं, पप्पांनी बघितलेल्या राज्यांची यादी नकाशात भरणं. आमच्याकडं एका फौजी पप्पांनी लेकराच्या वर्गात येऊन बर्फात पाणी कसं वितळवून पितात ते सांगितलं होतं, अर्धा तास सगळा वर्ग चिडीचूप. हे मात्र लेकराला विचारून करा, काहींना पप्पा फक्त स्वतःपुरते हवे असतात.

मधेच बदली होऊन आलेलं लेकरू आहे. टीसी नाही आला, मराठी वाचता येत नाही. घ्यायचं का?

घ्यायचंच. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५, टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि आधीच्या शाळेनं टीसी ताबडतोब द्यायचा असतो. आठवीपर्यंत, सरकारी आणि अनुदानित शाळांना हे सरळ लागू आहे. वयाप्रमाणं वर्ग द्यायचा, खालच्या वर्गात बसवायचं नाही.

भाषेचं वेगळं प्रकरण आहे. जम्मू, पठाणकोट, सिकंदराबाद असं फिरून आलेलं, केंद्रीय विद्यालयात नाहीतर आर्मी पब्लिक स्कूलमधे शिकलेलं लेकरू हिंदी झकास बोलतं, देवनागरी वाचतं, पण ळ आला की ल म्हणतं, आणि “माझी आई” च्या जागी “मेरी मम्मी” निघतं, मग पोरं त्याला हिंदीवाला म्हणून चिडवतात. घरात आजी बोलते ती मराठी आणि पुस्तकातली मराठी यात पण केवढा फरक. पहिले दोन-तीन महिने त्याला मराठीच्या शुद्धलेखनाचे मार्क कापू नका, उत्तर बरोबर आहे का तेवढं बघा. रोज २० मिनिटं मोठ्यानं वाचन, आणि शेजारी बसायला एक बोलका दोस्त. गणितात उलट असतं, धडे वेगळ्या क्रमानं झालेले असतात, भागाकार येतो पण अपूर्णांक सुटून गेलेला, असं. आल्या आल्या तोंडी विचारून एका पानावर लिहून ठेवा, काय येतं आणि काय नाही.

जाताना पण तेच एक पान त्याच्या हातात द्या. बंद पाकीट नको, आईला वाचता येईल असं.

पालक सभेला कोणीच येत नाही. आई पण येत नाही. कसं करायचं?

ती आई एकटी सासू-सासऱ्यांचं बघते, सोयाबीन काढणीला माणसं बघते, बँक, गॅस, लाईट बिल, सगळं तिच्यावर. दुपारी तीनच्या सभेला ती येणार कुठून. संध्याकाळी सातनंतर पाच मिनिटं फोन करा. आणि जमलं तर वडिलांना पण, नेटवर्क असेल तेव्हा व्हिडिओ कॉल किंवा नुसता व्हॉइस मेसेज पाठवून ठेवायचा, ते जमेल तेव्हा ऐकतात. “तुमच्या पोरानं आज कविता पाठ म्हणली” असा दीड मिनिटाचा मेसेज मी पाठवला होता एकदा, चार दिवसांनी उत्तर आलं, “मॅडम, पूर्ण बंकरनं ऐकली.” आता मी महिन्याला एक पाठवतेच.

वडिलांचीच सही पाहिजे असा हट्ट धरू नका. आईची सही चालते.

सीमेवर काही घडलं की टीव्हीवर दिवसभर तेच असतं. तेव्हा शाळेनं काय करायचं?

२०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती, लेकरं दिवसभर घरी टीव्हीसमोर, आणि सुट्टीवर आलेले कितीतरी जवान अर्ध्या सुट्टीतून परत बोलावलेले. आमच्या गावात अशी चार घरं होती. मी आणि अजून एक मॅडम असं वाटून घेतलं, रोज एक चक्कर मारायची. काही मोठं केलं नाही, टीव्ही बंद करून लेकरांना घेऊन पारावर बसायचो, चिंचा खायच्या, गोष्टी सांगायच्या. एका पोरानं विचारलं, बाई, पप्पांना गोळी लागली तर आपल्याला फोन येतो का टीव्हीवर दिसतं? खोटं सांगायचं नाही असं मी ठरवलेलं, मी म्हणलं फोन येतो बाळा, टीव्हीवर कोणीही काहीही सांगतं, तू टीव्हीवर विश्वास ठेवू नको. त्यानं मान हलवली. त्यानंतर फोन वाजला की तो घाबरायला लागला, म्हणजे माझं उत्तर पण पुरतं बरोबर नव्हतं. मग त्याच्या आईनं आणि मी मिळून पप्पांच्या फोनला वेगळी रिंगटोन लावून दिली.

शाळा चालू असेल तर वर्गात युद्धाच्या बातम्यांवर चर्चा, घोषणा, चित्रं असलं काही त्या दिवसांत नको. लेकरू झोपत नसेल, खात नसेल आणि ते दोन आठवड्यांच्या पुढं गेलं तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करता येतो, मराठीत बोलतात, फुकट आहे, आणि लष्करी कुटुंबांसाठी त्यांचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात २०२३ ला सुरू झाला.

१५ ऑगस्टला, ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला या लेकरांचा सत्कार करावा का?

लेकराला आणि आईला आधी विचारा. बस.

नाही म्हणले तर खरंच नाही समजा. वीरपत्नीला दरवर्षी स्टेजवर बसवून साडी-नारळ देतात, आणि शेजारी तिचं लेकरू सगळ्या गावासमोर रडू आवरत उभं असतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ध्वजदिनाचा निधी गोळा करा, पण डबा त्याच लेकराच्या हातात देऊन त्याला वर्गावर्गात फिरवू नका.

शाळेनं कोणते कागद वेळेवर द्यायचे?

हा प्रश्न कोरडा वाटतो पण घरांचा सगळ्यात जास्त त्रास इथं होतो.

बोनाफाईड: नोकरीत असलेल्या जवानाला दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो, २०२४ च्या जानेवारीपासून दर मुलामागं महिन्याला २८१२.५० रुपये, हॉस्टेलला असेल तर त्याचं अनुदान ८४३७.५० रुपये. त्यासाठी लेकरू त्या वर्षात त्या वर्गात शिकलं असं मुख्याध्यापकांचं सर्टिफिकेट लागतं. वर्ष संपताना मागायला आलेल्या आईला “क्लार्क नाही, पुढच्या आठवड्यात या” असं चार वेळा परत पाठवू नका. तिकडं तो माणूस युनिटच्या ऑफिसात वाट बघत असतो.

नाव आणि जन्मतारीख: फौजेत लेकराची नोंद पार्ट टू ऑर्डरनं, म्हणजे युनिटच्या लेखी नोंदीनं होते. तिथं एक स्पेलिंग आणि शाळेत दुसरं, असं झालं की पुढं डिपेंडंट कार्डापासून पेन्शनपर्यंत सगळीकडं अडतं. नाव घालतानाच तो कागद मागून अक्षर न् अक्षर जुळवा. दहावीचा फॉर्म भरल्यावर दुरुस्ती म्हणजे डोक्याला ताप.

माजी सैनिकांसाठी: हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्यावरून रिटायर झालेल्यांच्या दोन मुलांपर्यंत केंद्रीय सैनिक बोर्डाची शिक्षण मदत आहे, पदवीपर्यंत. ती महिन्याला १००० होती, १ नोव्हेंबर २०२५ पासून २००० केली. बारावीनंतर प्रोफेशनल डिग्रीला पंतप्रधान शिष्यवृत्ती, मुलींना महिन्याला ३०००, मुलांना २५००, बारावीला किमान ६० टक्के पाहिजेत, आणि ही नोकरीत असलेल्यांच्या मुलांना नाही. फॉर्म, चौकशी सगळं आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात. बऱ्याच जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांची मुलामुलींची वसतिगृहं पण आहेत, गावात दहावीच्या पुढं शाळा नसेल तर हे आधी विचारा.

सैनिक शाळा: सहावी आणि नववीला प्रवेश परीक्षा असते, फौजी मुलांसाठी काही जागा राखीव, २०२१-२२ पासून सगळ्या सैनिक शाळांत मुलींना पण प्रवेश आहे. साताऱ्याची १९६१ ची, चंद्रपूरची नवीन. तयारी चौथी-पाचवीतच सुरू करावी लागते. पण फौजीचं पोरगं आहे म्हणून त्यानं फौजेतच जायचं असं त्याच्यावर लादू नका, माझ्या भाच्याला शेती करायची आहे आणि त्याचे वडील खूश आहेत.

वडील शहीद झालेत किंवा जखमी होऊन आलेत. वर्गशिक्षकानं कसं वागायचं?

लेकरू परत शाळेत येईल त्याच्या आदल्या दिवशी वर्गाशी बोला. काय झालंय ते सरळ सांगा आणि काय विचारायचं नाही ते पण. त्याची जागा तीच ठेवा, शेजारचा दोस्त तोच ठेवा. फादर्स डेची कार्डं, “माझे बाबा” निबंध, हे त्या वर्षी सगळ्या वर्गालाच “माझ्या घरातलं आवडतं माणूस” असं करून टाका.

कारवाईत गेलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमच्या अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांना संरक्षण मंत्रालयाची शिक्षण सवलत आहे, ट्यूशन फी, हॉस्टेल, पुस्तकं, युनिफॉर्म, पहिल्या पदवीपर्यंत. मधे २०१७ ला महिन्याला १०,००० ची मर्यादा घातली होती, ती २०१८ ला काढली. आई हे कागद समजून घ्यायच्या मनःस्थितीत पहिलं वर्षभर नसते, मुख्याध्यापकांनी स्वतः फाईल करून तिच्या घरी जावं.

आणि पहिल्या महिन्यात सगळं गाव धावून येतं, सहाव्या महिन्यात कोणी नसतं. वर्गशिक्षकांनी डायरीत त्या तारखेला दरवर्षी खूण करून ठेवावी. त्या दिवशी लेकराला काही बोलायचं नाही, फक्त लक्ष ठेवायचं.

वडील कायमचे घरी आले, तरी पोराचं बिघडतंच चाललंय. असं का?

असं होतं, आणि कोणी आधी सांगत नाही. फौजेतला शिपाई, नाईक पस्तिशी-चाळिशीतच रिटायर होऊन येतो. लेकरू तेव्हा आठवी-नववीत. इतके दिवस सुट्टीवर येणारे पप्पा म्हणजे कॅन्टीनचं सामान, नवी सायकल, लाड. आता तेच पप्पा पहाटे पाचला उठवतात, चादरीची घडी बघतात, मोबाईल काढून घेतात. आईनं १५ वर्षं जे घर स्वतःच्या पद्धतीनं चालवलं त्यात पण खटके. पोरगं शाळेत येऊन उलट बोलतं, आपण वडिलांना बोलावतो, आणि वडील युनिटमधल्या आवाजात त्याला सगळ्यांसमोर झापतात.

माझ्या भावाच्या घरी हेच झालं, दीड वर्ष गेलं त्यात. आमच्या मुख्याध्यापकांनी त्याला शाळेत बोलावून तक्रार सांगितलीच नाही, म्हणाले, सकाळी मैदानावर पोरांना पळवायला माणूस पाहिजे, येता का? तो यायला लागला. पहिले पंधरा दिवस भाचा लांब उभा राहायचा, बापाच्या रांगेत येत नव्हता. मग एक दिवस बुटाची लेस सुटली म्हणून खाली बसला, भाऊ जवळ जाऊन काही न बोलता गुडघ्यावर बसला आणि फौजेत बांधतात तशी डबल गाठ मारून दिली. दुसऱ्या दिवशी पोरगं रांगेत होतं, सगळ्यात मागं.